एका दाताला एक मिनिट

तुर्भ्याच्या काट्यावर आज चाळीस ट्रक तोलले,
कांदा, लसूण, पुन्हा कांदा,
आणि आता कोपरखैरण्यात, पहिल्या मजल्यावर,
खुर्ची मागे कलते तशी मीही कलते.
वय चव्वेचाळीस. तोंडात तार.

"आ करा," डॉक्टर पाटणे म्हणतात,
जसं काही यात विशेष नाही.
आमच्या घरी उलटा नियम होता.
आई फोटोवाल्याला बजावायची,
हिचा मिटल्या ओठांचा काढा.
तो फोटो तीन गावं फिरून परत आला,
चौथ्या गावाने ठेवून घेतला.
पुढे जे बिनसलं, ते दातांमुळे नव्हे.

तार लावून पाच महिने झाले.
आधी मेथी अडकली, मग कणीस,
मग पेरूची एक बी, जी दोन दिवस सापडेना.
बेसिनपाशी तीन ब्रश, त्यातला एक
बाटली घासायच्या ब्रशाचं पिल्लू.
रोज रात्री एकेक खाच उकरते,
तरी हिरड्या फुगल्याच,
थुंकीत लाल दोरा.
डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या,
"ब्रश वळत नाही तिथे जंतू वस्ती करतात."
वस्ती म्हणाल्या.
मी दिघ्याची. वस्ती कशी उठवतात
ते मला वेगळं सांगायला नको.

पण इथे बुलडोझर नाही.
आधी निळा थेंब, हिरडीच्या कडेकडेने,
भिंतीवर नोटीस डकवावी तसा.
मग थांबायचं. निळं मुरू द्यायचं.
मग डोळ्यांवर काळा चष्मा, वेल्डिंगवाल्यासारखा,
आणि पेनाएवढी कांडी, टोकाला लाल उजेड.
चटका नाही, आवाज नाही.
ज्याने निळं प्यायलं, उजेड त्याच्यावरच उलटतो.
शेजारचं मांस तसंच राहतं,
गुलाबी, बेफिकीर.

एका दाताला एक मिनिट.
काट्यावरही साधारण तेवढंच लागतं:
गाडी चढते, आकडा थरथरतो,
थरथरत थरथरत एका जागी बसतो.
म्हणून मी मोजते.
बाबांसारखं मोजते. ते मापाडी होते बाजारात,
एक कधीच म्हणायचे नाहीत.
लाभ. दोन. तीन. चार.
पहिलं पोतं म्हणजे लाभ.

वरचा डावा सुळा त्यांचा आहे.
शेजाऱ्याच्या खांद्यावर चढून रस्त्यात डोकावणारा,
हसले की आधी तोच हसायचा.
वर्षभरात हा सरळ होईल, रांगेत उभा राहील,
मला हवं होतं तेच.
त्याच्यावर उजेड पडला तेव्हा
चष्म्याआड मी मोजायचं विसरले.
मिनिट संपलं की अजून होतं,
कळलं नाही.

"ब्रश सोडायचा नाही हं," डॉक्टर म्हणाल्या,
"उजेड फक्त हाताखालचा माणूस."
मी चूळ भरली. बेसिन निळं झालं,
जीभ जांभळी राहिली.
उद्या मढवी काट्यावरच्या खिडकीतून विचारणार,
"जांबलां खाल्लीस का गो, डिसेंबरान?"
आणि मी हो म्हणणार.

जिना उतरता उतरता थांबले, परत वर गेले,
विचारलं, आतमध्ये उजेड राहतो का थोडा,
निदान रात्रीपर्यंत?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "नाही हो, साठत नाही.
पुढच्या गुरुवारी या."

बसथांब्यावर सवयीने ओठ मिटले.
आत, अंधारात,
जीभ दाता-दातांवरून फिरत होती.
लाभ.
दोन.